फुकटची विंडोज ११: दाबायचं, थांबायचं की दुसरी वाट धरायची?

शिरपूर परिसरातले वाचक एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारत आहेत. सेवा केंद्र चालवणारे विचारतात, "दाखल्यांची गर्दी असताना मध्येच पडदा येतो, 'अपग्रेड मोफत' म्हणतो. दाबू का?" मार्केट यार्डातले अडते विचारतात, "दुकानातला पोरगा म्हणतो, आता विंडोज १० चालणारच नाही. खरं का?" डीटीपीवाल्यांची काळजी निराळी: श्री-लिपी उठेल ना? आणि इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांचे पालक विचारतात, घरातला जुना लॅपटॉप टाकून द्यायचा का.

उत्तर आधीच सांगतो. मशीन तपासणीत पास होत असेल तर अपग्रेड घ्या, पण आज गिऱ्हाईक समोर उभं असताना नव्हे. नापास होत असेल तर जुगाड करू नका. तुमच्याकडे दुसरे मार्ग आहेत, आणि त्यातला एक फुकट आहे.

नेमकं काय संपलं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबवला. म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. ते सुरू होतं, टॅली उघडते, प्रिंट निघते. बंद झाली ती दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती. (ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही आधार त्याच दिवशी संपला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नाही.)

"आपल्याकडे क्विक हील आहे ना, मग काय?" हा प्रश्न हमखास येतो. पुण्याचं हे अँटिव्हायरस असो की दुसरं कुठलं, त्याचं काम घातक फाइल ओळखून अडवणं. विंडोजमध्येच राहिलेलं छिद्र ते बुजवू शकत नाही. ते मायक्रोसॉफ्टच बुजवते. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो १२ मे रोजी. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. जवळजवळ दोन महिने हातात असून ज्यांनी ती घेतली नाही, ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच छिद्राचा वापर करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने नाव्हाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं.

म्हणून नियम साधा ठेवा. ज्या मशीनवर बँक, जीएसटी, आधार किंवा लोकांचे दाखले हाताळले जातात, ते दुरुस्ती न मिळणाऱ्या विंडोजवर ठेवू नका. गोदामात नुसता वजनकाटा जोडलेला, इंटरनेट नसलेला पीसी असेल तर घाई नाही.

तुमचं मशीन कुठल्या गटात बसतं?

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ४ जीबी रॅम कागदावर पुरते. प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर तुम्हीच वैतागाल. तपासायचं असं:

१. मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप उतरवा आणि चालवा. शेवटचा शब्द त्याचा.
२. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टम', त्यात 'अबाऊट' उघडून प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आय-५ ७२००यू म्हणजे सातवी पिढी, नापास. आय-३ ८१०० म्हणजे आठवी, पास. आय-५ १०४०० म्हणजे दहावी. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात.
३. त्याच पानावर 'सिस्टम टाइप' बघा. तिथे ३२-बिट लिहिलेलं असेल तर अपग्रेडचं बटण चालणार नाही. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच आहे.
४. 'ॲक्टिव्हेशन' बघा. मोफत अपग्रेड खऱ्या, ॲक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० साठी आहे. अजून विंडोज ७ वर असाल तर फुकटची वाट उरलेली नाही. जुन्या ७ किंवा ८ च्या किल्लीवर चालून जायचं ते सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं गेलं.

प्रोसेसर आठव्या पिढीचा असूनही ॲप 'टीपीएम नाही' म्हणालं तर लगेच नवा पीसी घेऊ नका. असेंबल केलेल्या बऱ्याच मशीनमध्ये ही सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. जाणत्या माणसाकडून ती सुरू करून घ्या, दहा मिनिटांचं काम. मात्र विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेली असेल तर डिस्कची मांडणी बदलावी लागते, आणि त्याआधी डेटाची नक्कल काढलीच पाहिजे.

होकार देण्याआधी: पोट कशावर आहे ते बघा

खरी गोची इथे होते. विंडोज ११ स्वतः क्वचितच त्रास देते. त्रास देतात तिला जोडलेल्या जुन्या वस्तू आणि जुने प्रोग्राम. अपग्रेड फुकट असतं, पण त्यानंतर बंद पडलेलं अंगठ्याचं यंत्र फुकट मिळत नाही. म्हणून एक कागद घ्या आणि मशीनला काय काय जोडलंय, रोज कोणते प्रोग्राम उघडता, ते लिहून काढा. मग एकेक तपासा.

*मराठी टायपिंग.* शिरपुरात लग्नपत्रिका, बॅनर, वकिलांचे अर्ज आणि टायपिंग इन्स्टिट्यूट हे सगळं अजून बरंचसं जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर चालतं: श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव. फॉन्ट ही नुसती फाइल असते, ती कुठेही जाते. अडचण येते ती टाइप करून देणाऱ्या प्रोग्रामची आणि त्याच्या डोंगलची. तुमच्या डोंगलचा ६४-बिटसाठीचा ड्रायव्हर आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. नसेल तर एकतर नवी आवृत्ती घ्या किंवा पेजमेकरच्या जुन्या फायलींसाठी एक मशीन इंटरनेट काढून तसंच ठेवा. डीटीपीवाल्यांना हा दुसरा मार्ग मी बिनधास्त सुचवतो. वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने असलेलं मशीन नव्याच्या हौसेपायी मोडू नये. ज्यांना फक्त अर्ज आणि पत्रं लिहायची आहेत त्यांना काहीच विकत घ्यायचं नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून आलेला 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड विंडोज ११ मध्येही आहे, आणि इन्स्क्रिप्टही.

*डॉसवरचे हिशेब.* काही अडत दुकानांत आणि लहान पतसंस्थांत फॉक्सप्रोवर बनवलेला जुना प्रोग्राम अजून चालतो. ज्याने बनवला तो माणूस नाशिकला किंवा पुण्याला निघून गेला, पण प्रोग्राम ठणठणीत आहे. डॉसचे आणि १६-बिटचे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, मग ती १० असो की ११. 'डॉसबॉक्स'सारख्या मोफत साधनावर ते बऱ्याचदा चालतात, प्रिंटची खटपट मात्र करावी लागते. दुसऱ्या मशीनवर चालवून, एक पावती छापून बघितल्याशिवाय पाऊल उचलू नका.

*अंगठ्याचं यंत्र.* आधार पडताळणीसाठी मंत्रा, मॉर्फो वगैरे यंत्रं वापरता, त्यांची 'आरडी सर्व्हिस' विंडोज ११ साठी उपलब्ध आहे का आणि तुमच्या यंत्राची नोंदणी चालू आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचं उत्तरही चालेल.

*डिजिटल सही.* सहीची किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते, विंडोजमध्ये नाही. त्यामुळे ती जात नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करणारं साधन मात्र पुन्हा टाकावं लागू शकतं. टोकनचा पासवर्ड आठवतो का, ते आधी बघा. बऱ्याच जणांच्या डोक्यात तो नसतो, ब्राऊझरच्या आठवणीतही नसतो. असतो तो ऑपरेटर मुलाच्या डायरीत.

*प्रिंटर.* टीव्हीएसचे डॉट मॅट्रिक्स, पासबुक प्रिंटर, पंचवीस पिनांच्या जाड केबलचे जुने मॉडेल. यूएसबीवाले सहसा चालतात. जुन्या पॅरलल पोर्टच्या बाबतीत ६४-बिट ड्रायव्हरची खात्री करा.

*जुन्या सरकारी साइट.* विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर नाही. एखादं पोर्टल त्याशिवाय उघडत नसेल तर एज ब्राऊझरमधला 'आयई मोड' वापरा. तो किमान २०२९ पर्यंत ठेवणार, असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं आहे.

ठरलं तर मुहूर्त कोणता?

जीएसटी भरणाऱ्यांनी महिन्याच्या २० तारखेनंतरचा दिवस धरावा. सेवा केंद्रांनी जून-जुलै टाळावा: प्रवेशाचे दाखले आणि पीक विमा एकदमच येतात. अडत आणि जिनिंगवाल्यांनी कापसाचा हंगाम जाऊ द्यावा. मार्च अखेर तर कुणीच नाही.

मग या क्रमाने जा:

- टॅलीचा डेटा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. उतरवलेली नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेली नक्कल म्हणजे नक्कल नव्हेच.
- प्रत्येक प्रोग्रामचा लायसन्स नंबर आणि ज्या ई-मेलवर तो नोंदवला आहे तो लिहून ठेवा.
- डाउनलोड काही जीबींचं असतं. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते मध्येच अडकेल. फायबर असलेल्या ठिकाणी 'मीडिया क्रिएशन टूल'ने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवून आणा, तो तीन-चार मशीनला चालतो.
- वीज. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम तासन्तास चालू शकतं. आपल्याकडची लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा चांगली बॅटरी असलेला यूपीएस किंवा इन्व्हर्टर लावूनच सुरू करा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा.
- विंडोज विचारेल काय ठेवायचं; 'फायली आणि ॲप्स ठेवा' हाच पर्याय निवडा.
- झाल्यावर त्याच दिवशी कागदावरची प्रत्येक वस्तू चालवून बघा: एक अंगठा, एक सही, एक पावती, एक पासबुक.

ही घाई कशासाठी? कारण मागे फिरायचं दार फक्त १० दिवस उघडं असतं. 'सेटिंग्ज'मधल्या 'रिकव्हरी'त 'गो बॅक' हे बटण दिसतं. दहा दिवसांनी विंडोज जुन्या फायली पुसते आणि बटण जातं. महिन्याभराने "पासबुक छापत नाही" असं लक्षात आलं तर परतीचा सोपा रस्ता उरत नाही. परत फिरतानाही नक्कल हाताशी असू द्या.

मशीन बसत नसेल तर

पहिला मार्ग: आहे तिथेच, पण दुरुस्तीसह. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी 'ईएसयू' नावाची वाढीव सुरक्षा ठेवली आहे, घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. 'सेटिंग्ज'मधल्या 'अपडेट अँड सिक्युरिटी'त, विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. विंडोजची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. तीन पर्याय आहेत: सेटिंग्ज क्लाउडवर ठेवायला होकार दिला तर फुकट, १,००० रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा एकदाच ३० डॉलर भरून. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं. उशिरा नोंदणी केली तरी आधीच्या दुरुस्त्या मिळतात, मुदत मात्र वाढत नाही.

पतसंस्था, कारखाना, कॉलेज यांची मशीन सर्व्हरच्या डोमेनवर असतील तर ही घरगुती योजना लागू नाही. संस्थांची योजना वेगळी: पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं; दुसऱ्या वर्षी शिरलात तर पहिल्याचेही पैसे भरावे लागतात. वीस मशीन असतील तर संचालक मंडळापुढे हा हिशेब नव्या मशीनच्या कोटेशनच्या शेजारी मांडा. शाळा-कॉलेजांना पहिल्या वर्षाचा दर १ डॉलर आहे, तो जरूर मागा.

दुसरा मार्ग: लिनक्स. घरात ब्राऊझर, यूट्यूब आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर लिनक्स मिंट जुन्या मशीनवर छान चालते. आपल्या सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्सही आहे, भारतीय भाषांची सोय असलेली. टॅली, अंगठ्याचं यंत्र किंवा डोंगल लागत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. मित्राने कितीही गळ घातली तरी.

तिसरा: नवं घेणं.

आणि जो मार्ग धरू नये तो: तपासणी चुकवून जबरदस्तीने विंडोज ११ टाकणं. "टाकून देतो ना भाऊ, काही होत नाही," असं म्हणणारे भेटतील, आणि बहुतेकदा तसं ती चालतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच हातात नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २४एच२ पासूनची विंडोज ११ सुरूच होत नाही.

फसण्याच्या जागा

*दुसऱ्याच्या नावाचं खातं.* सगळ्यात महाग पडणारी चूक. तुम्ही मशीन दुकानात देता, तो फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकतो, वाटेत मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं आणि तो स्वतःचा ई-मेल टाकून मोकळा होतो. २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये, मशीन योग्य असेल तर, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाते. सहा महिन्यांनी मशीनने ती किल्ली मागितली तर ती तुमच्याकडे नसते, दुकानदाराला आठवत नसते, आणि किल्लीशिवाय डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही. म्हणून खातं तुमच्याच ई-मेल आणि मोबाइल नंबरवर, तुमच्यासमोर उघडायला लावा. किल्ली छापून कपाटात ठेवा.

*वनड्राइव्ह.* फुकट जागा ५ जीबी. 'बॅकअप'ला सरसकट होकार दिला की डेस्कटॉपवरचं सगळं तिकडे सरकतं, जागा भरते आणि इशारे सुरू होतात. ईएसयूसाठी सेटिंग्ज पुरतात. फोटो आणि फोल्डरांपुढची बटणं बंद ठेवता येतात.

*फोन नंबर असलेला इशारा.* "तुमची विंडोज बंद झाली, या नंबरवर संपर्क करा." मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. खरं अपग्रेड 'सेटिंग्ज'मधल्या विंडोज अपडेटमध्येही दिसतं. कुणी एनीडेस्क उघडायला सांगितलं तर इंटरनेटची वायर काढा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिला तास मोलाचा असतो.

*स्वस्त जुने लॅपटॉप.* मोठ्या कंपन्या सहाव्या-सातव्या पिढीची मशीन काढून टाकत आहेत, आणि ती इंदूर, सुरत, लॅमिंग्टन रोडवरून आपल्या बाजारात येतात, बऱ्याचदा जबरदस्तीने टाकलेल्या विंडोज ११ सह. स्क्रीनवर ११ दिसते म्हणून भुलू नका. पिढीचा आकडा वाचा, ॲक्टिव्हेशन बघा, मगच पैसे द्या.

*क्रॅक.* ॲक्टिव्हेट करून देणारी चोरटी साधनं बरेचदा व्हायरस घेऊनच येतात. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणं हा वापरणाऱ्याचा गुन्हा आहे. धंद्यासाठी वापरला तर किमान सात दिवसांची कैद आणि ५०,००० रुपयांपासून दंड. टाकून देणारा नामानिराळा राहतो.

तुमचे हक्क

'नको' म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. २०१६ मध्ये विंडोज १० च्या वेळी मायक्रोसॉफ्टने खिडकी बंद करण्याच्या फुलीलाच होकार मानलं होतं. कॅलिफोर्नियात एका ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकीणबाईंनी न मागितलेल्या अपग्रेडबद्दल दावा लावून १०,००० डॉलर मिळवले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. पुन्हा पुन्हा टोकत राहणं आणि नको ते करायला भाग पाडणं या दोन्ही त्यात आहेत.

दुकानदाराच्या बाबतीत हक्क अधिक रोजच्या कामाचे आहेत:

- बिल मागा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विंडोज टाकली' एवढंच नको. लायसन्स दिलं की नाही, डेटा ठेवला की पुसला, हे बिलावर लिहून घ्या.
- मशीन देताना आत काय आहे याचे फोटो काढा: रॅम, डिस्क, सीरियल नंबर.
- डेटा गेला किंवा चोरटी विंडोज खरी म्हणून गळ्यात मारली, तर आधी लेखी तक्रार दुकानदाराला, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, आणि तिथेही मिटलं नाही तर धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. वकील लागतोच असं नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन 'ई-जागृती'वरही करता येते, आणि ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. थर्मल कागदावरचं बिल तेवढ्या काळात कोरं होतं, त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा.